अनुक्रमांक दोनशे तेरा: पुरणपोळी, नग एक

लग्नाआधी करार करावा, असं मी हल्ली भेटेल त्याला सांगत सुटतो. लग्न ठरलेलं जोडपं दिसलं की माझी जीभ शिवशिवते. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला लग्नात जबर फटका बसलेला दिसतोय. तसं काही नाही. करारामुळे मला बायको मिळाली. शिवाय एक पुरणपोळी मिळाली. ती गेली तीन वर्षं आमच्या फ्रीझरमध्ये आहे, आणि ती खायची मुभा मला नाही, बायकोला नाही, जपानच्या पंतप्रधानांनाही नाही.

हसलात? हसा. मीही हसलो असतो, पण माझी त्या कागदावर सही आणि शिक्का आहे.

गोष्ट शहाण्णव सालातली. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, आणि टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या दोन खोल्यांत एकटा राहणारा. एकटा म्हणजे माणूस एकटा. बाकी घरात दोनशे बारा खाद्यपदार्थ होते. जपानात हॉटेलच्या दाराशी काचेच्या कपाटात पदार्थ मांडलेले असतात ना, हुबेहूब पण प्लास्टिकचे, ते बनवणाऱ्या योकोहामाच्या एका कंपनीत मी सव्वीस वर्षं कारकुनी केली. आमच्या साहेबांना एकदा झटका आला, की भारतातल्या हॉटेलांना प्लास्टिकचे डोसे, वडे, इडल्या विकायच्या. माल तयार झाला. भारतातून एकाही हॉटेलने मागवला नाही. पुढे कंपनी बुडाली. शेवटच्या दिवशी साहेबांनी कमरेत वाकून माझी क्षमा मागितली आणि निरोपाची भेट म्हणून तो सगळा माल टेम्पोत भरून माझ्या घरी पाठवला. तेव्हापासून मी बहात्तर डोशांचा मालक आहे.

लोकांना मात्र मी वेगळं सांगायचो. एका मोठ्या म्युझियमचे लोक हा संग्रह मागायला तीनदा येऊन गेले, मी दिला नाही, असं. गोष्ट सांगताना ती जरा फुगते, त्याला माझा इलाज नाही. पोळी तव्यावर टाकली की फुगतेच.

वीणाबाईंना एवढं एकच खटकायचं. वीणाबाई अठ्ठावन्न वर्षांच्या. यजमान शास्त्रज्ञ, त्यांच्याबरोबर वीस वर्षांपूर्वी इकडे आलेल्या. ते गेल्यावर परत गेल्या नाहीत. टोकियोतल्या एका बँकेत कागदपत्रं तपासायच्या नोकरीला लागल्या आणि मुलीला, सईला, मोठं केलं. आम्हा ग्योतोकुच्या सहा मराठी घरांच्या दर महिन्याच्या जेवणात त्या माझ्या शेजारी बसत आणि माझ्या गोष्टी आवरत्या करत. मी म्हणायचो, "भूकंपात माझी खाट तीन फूट सरकली." त्या वरणात लिंबू पिळत म्हणायच्या, "एक." मी म्हणायचो, "बर्फात मी चार तास अडकलो." त्या म्हणायच्या, "दीड." पाच वर्षं हे चाललं. पाच वर्षांत माझ्या सगळ्या गोष्टी या बाईने निम्म्यावर आणल्या, आणि मला त्याची इतकी सवय झाली की त्या नसतील तिथे मी तोंडच उघडेनासा झालो. मग मी लग्नाचं विचारलं.

विचारलं ते स्टेशनसमोरच्या कोन्बिनीत. कोन्बिनी म्हणजे रात्रंदिवस उघडं असणारं इथलं किराणा दुकान. त्या दूध घेत होत्या, मी धीर करत होतो.

वीणाबाईंनी दुधावरची तारीख वाचली, पिशवीत ठेवलं आणि म्हणाल्या, "लक्ष्मीकांतराव, तुमचं बोलणं ऐकायला मला आवडतं. पण बोलण्यावर संसार नाही मांडता यायचा. लिहून द्या. आणि सरकारदरबारी नोंदवून द्या."

"माझ्यावर विश्वास नाही?"

"आहे ना! नसता तर सरळ नाही म्हटलं असतं. विश्वास आहे म्हणून कागद मागते."

बँकेत राहून त्यांना सगळं ठाऊक. इथे नवराबायकोचा मालमत्तेचा करार नोंदवता येतो, पण लग्नाच्या आधी. लग्न लागलं की त्यात टिंबसुद्धा बदलत नाही. तीन आठवड्यांनंतरचा रविवार ठरला, कारण सई दुसऱ्याच दिवशी नोकरीसाठी अमेरिकेला निघणार होती. नगरपालिकेचं सभागृह मिळालं.

वीणाबाई दारात थांबून म्हणाल्या, "आणि एक सांगते. एवढा धीर मी आयुष्यात दुसऱ्यांदाच गोळा केलाय. तिसऱ्यांदा नाही व्हायचा. कागद झाला तर रविवारी लग्न. नाही झाला, तर हा विषय आपण पुन्हा काढायचा नाही. जेवायला शेजारी बसू, झालं."

आता सांगा, यात अवघड काय होतं? एक पानाचा कागद. मी त्याच संध्याकाळी लिहून काढला असता. पण मी चूक केली. मी राजीवला विचारलं.

राजीव आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. कॉम्प्युटरवाला. प्रत्येक गोष्टीची आधी यादी करायची आणि मग यादीची यादी करायची, हा त्याचा धर्म. "काका, हे असं एक पानात नाही होत. सगळ्या केसेस कव्हर करायला हव्यात." त्याची बायको कश्मिरा आतून ओरडली, "काका, कुकरचं घाला! किती शिट्ट्या ते आधीच ठरवा. आमचं राहून गेलं, बारा वर्षं भोगतेय."

कुकर आला. कुकरपाठोपाठ पंखा, खिडकी, टीव्हीचा आवाज, आंघोळीच्या टबात आधी कोण, आणि पाहुण्यांसमोर एकमेकांच्या गोष्टी मध्येच तोडाव्यात का, हे आलं. बातमी सहाही घरांत गेली. रोज कुणीतरी चहाला यायचं आणि एक कलम ठेवून जायचं. मला लवकरच कळलं, की यातलं एकही कलम आमच्याबद्दल नाही. प्रत्येक जण स्वतःच्या लग्नात राहून गेलेलं माझ्या कागदात घालून घेत होता. एका संध्याकाळी एकोणतिसाव्या कलमावर, म्हणजे सासरचा फोन आल्यावर घरातल्याने हातवारे करावेत की नाही, यावर राजीव आणि कश्मिरा यांची अशी जुंपली, की मी माझाच चहा घेऊन माझ्याच घराच्या जिन्यात जाऊन बसलो. कलमं सत्तेचाळीस झाली.

सई हे सगळं जपानीत उतरवत होती. ती लहानपणापासून इथलीच. मराठी कळायचं, पण उत्तर इंग्रजीत नाही तर जपानीत. अडतिसाव्या कलमावर तिने पेन ठेवलं आणि "मेंदोकुसाई!" असा मोठा सुस्कारा टाकला. म्हणजे काय कटकट आहे. मग म्हणाली, "आई, यू बोथ डिझर्व्ह ईच अदर." वीणाबाईंनी ते कौतुक म्हणून घेतलं.

कलमांचं ठीक होतं. माझी खरी अब्रू गेली ती मालमत्तेच्या यादीत. फॉर्मात दर वस्तूपुढे रकाना होता: वस्तू कशी मिळाली. बहात्तर डोसे, एकोणनव्वद वडे, एक्कावन्न इडल्या. मला वाटलं, यादीच लहान करून टाकू. म्हणून कचऱ्याच्या दिवशी मी भल्या पहाटे दहा वडे पारदर्शक पिशवीत घालून खाली ठेवून आलो.

इथे कचरा टाकणं हे आपल्याकडच्या मुंजीपेक्षा विधिपूर्वक करावं लागतं. जळणारा एका दिवशी, न जळणारा दुसऱ्या दिवशी. आमच्या गल्लीची देखरेख ओकुबो-सान नावाच्या पंचाहत्तर वर्षांच्या बाईंकडे. सात वाजता त्या माझी पिशवी घेऊन दारात हजर. जळणाऱ्याच्या दिवशी प्लास्टिक टाकलं म्हणून नव्हे. चांगलं अन्न टाकलं म्हणून. मी सांगितलं, हे प्लास्टिक आहे. मग त्या म्हणाल्या, प्लास्टिक आज नाही. न जळणाऱ्याच्या दिवशी मी पुन्हा ठेवली, तर जाणाऱ्यायेणाऱ्या तिघांनी ओकुबो-सानना जाऊन सांगितलं की परदेशी माणसाने न जळणाऱ्यात खाणं टाकलंय. तेवढ्यात कावळे आले. इथले कावळे आपल्या कोंबड्याएवढे. त्यांनी पिशवी फाडली, वड्याला चोच मारली, आणि चोच अशी काही झणाणली की सगळे तारेवर जाऊन गप्प बसले. त्यानंतर सबंध महिना आमच्या गल्लीत एक कावळा फिरकला नाही. (वीणाबाई: "आठवडा.") ओकुबो-सान दहाही वडे धुऊन, पुसून, कागदात गुंडाळून परत घेऊन आल्या आणि म्हणाल्या, हे टाकू नका, फार उपयोगी आहेत.

म्हणजे यादी दोनशे बाराचीच राहिली, आणि रकाना तसाच मोकळा. मी आधी लिहिलं: दुर्मीळ संग्रह. खोडलं. मग लिहिलं: साहेबांनी आग्रहाने दिला. खोडलं. शेवटी लिहिलं: कंपनी बुडाली, साहेबांकडे द्यायला दुसरं काही उरलं नव्हतं. एवढं एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. मग कागद वीणाबाईंपुढे ठेवला.

त्यांनी वाचलं. पान उलटलं. "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पाच वर्षं. राजीवने सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही कधी सांगताय ते बघत होते," त्या म्हणाल्या. मग आपला कागद माझ्याकडे सरकवला. त्यांनी सगळ्या सत्तेचाळीस कलमांत एकच कलम स्वतःच्या हाताने लिहिलं होतं: रात्री पॅसेजमधला दिवा चालू राहील, का, ते विचारायचं नाही. मी विचारलं नाही. आजही दिवा चालू असतो. तुम्हीच सांगा, लग्नानंतर किती वर्षांनी मला हे कळलं असतं?

करार तयार झाला, आता शिक्का. इथे सहीला कुणी विचारत नाही, नावाचा शिक्का लागतो. शिक्का बोटाच्या पेराएवढा, आणि माझं नाव लक्ष्मीकांत, जपानी लिपीत आठ अक्षरं. शिक्केवाल्याने भिंगातून तीन दिवस कोरलं. कागदावर उठवला तर झुरळ चिरडल्यासारखं दिसलं. त्याने दिलगिरी व्यक्त केली आणि फक्त पहिली दोन अक्षरं घालून दिली. अशा रीतीने माझी वंशपरंपरा आणि वडिलांनी हौसेने ठेवलेलं नाव बाजूला पडलं, आणि मी सरकारी कागदावर 'लकु' झालो.

लग्नाच्या आधीच्या बुधवारी आम्ही नोंदणीच्या कचेरीत गेलो. खिडकीवर मिझुनो-सान नावाचे सडपातळ गृहस्थ. आम्ही काय आणलंय ते कळल्यावर ते उठून उभे राहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी हा करार फक्त पुस्तकात पाहिला होता. फॉर्म कपाटाच्या तळाशी सापडला. त्यावरची धूळ त्यांनी रुमालाने पुसली, आणि सबंध कचेरी आम्हाला बघायला खिडकीशी गोळा झाली. एका मुलीने तर आम्हाला बसायला उशी आणून दिली.

मग त्यांनी लाल पेन काढलं. हा करार मालमत्तेचा. कुकर, पंखा, टब, हातवारे यांची नोंद होत नाही. सत्तेचाळीसमधली त्रेचाळीस कलमं त्यांनी एकेकाची क्षमा मागत खोडली. (बाकीची घरं माझ्याशी दोन महिने बोलत नव्हती.) चव्वेचाळिसावं कलम वीणाबाईंनी आयत्या वेळी जुनं खोडून त्याजागी घातलेलं: लग्नापूर्वीच्या गोष्टी लक्ष्मीकांतरावांच्या स्वतःच्या, लग्नानंतर सांगितलेली प्रत्येक गोष्ट दोघांच्या निम्म्या मालकीची.

मिझुनो-सान अडले. "गोष्टी ही मालमत्ता कशी?"

"यांच्याकडे दुसरी आहेच कुठे?" वीणाबाई म्हणाल्या.

सईने ते जसंच्या तसं भाषांतर केलं. मिझुनो-साननी यादी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, आणि कलम राहू दिलं. दिवासुद्धा राहू दिला. वीजजोडणीच्या वापराचा हक्क म्हणून. तिसरं राहिलं ते असं, की दोघांनी यादीतल्या एकमेकांच्या वस्तू आहेत त्या स्थितीत जपाव्यात. आणि चौथं म्हणजे यादी. यादीवर मात्र ते थांबले. बहात्तर डोसे या वस्तू कशा? नाशवंत माल नोंदवता येत नाही. प्रत्येक प्रकारचा एक नमुना दाखवावा, शुक्रवारी, पाचच्या आत.

शुक्रवारी मी डोसा घेऊन निघालो. तो खोक्यात मावेना, म्हणून हातात ताट. तोझाई लाइनच्या लोकलमधल्या गर्दीत लोकांनी श्वास कोंडून, एकमेकांच्या अंगावर रेलून माझ्या डोशाभोवती वीतभर जागा सोडली, चटणी सांडू नये म्हणून. मला मात्र कुणी टेकू दिलं नाही. त्यात मी एक स्टेशन पुढे गेलो. कचेरीत पोचलो तेव्हा पाचला वीस मिनिटं होती, आणि वीणाबाई खिडकीशी घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. त्यांच्या हातात रुमालात बांधलेला डबा होता.

डब्यात पुरणपोळी. मिझुनो-सान दोन दिवस आमच्यासाठी उशिरापर्यंत थांबले, तर रिकाम्या हाताने कसं जायचं? इथेही भेटवस्तू न्यायची रीत आहे. पण सरकारी माणसाने भेट घ्यायची नाही, हाही नियम आहे. हे वीणाबाईंना माहीत नव्हतं असं नाही. पण मराठी बाईने पुढे केलेला डबा मागे घेतल्याचं उदाहरण इतिहासात नाही. मी तिकडे इडली आणि वडा मांडत होतो, तेवढ्यात त्यांनी झाकण उघडून पोळी माझ्या डोशाशेजारी ठेवली आणि म्हणाल्या, "घ्या हो, त्यात काय!"

सई फोटोकॉपी काढायला गेली होती. मिझुनो-सानना मराठी येत नव्हतं.

त्यांनी डोसा टिचकी मारून पाहिला, इडली दाबून पाहिली, वडा कानाशी हलवून पाहिला. मग पोळीकडे वळले आणि बराच वेळ बघत राहिले. कडेची बारीक घडी पाहिली. भाजल्याचे डाग पाहिले. हात न लावता ते मागे सरले आणि पोळीला वाकून नमस्कार केला. "बाकीच्या वस्तू चांगल्या आहेत," ते म्हणाले, "पण ही... हिचा कारागीर हयात आहे का?"

"आहे," मी वीणाबाईंकडे बघत म्हणालो. खोटं कुठे बोललो?

"ही यादीत राहून गेली आहे," असं म्हणून त्यांनी सुंदर अक्षरात लिहिलं: दोनशे तेरा. पुरणपोळी. नग एक. नाशवंत नाही. आणि खाली कचेरीचा लाल शिक्का मारला.

सई आली, तिने वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. भिंतीवरच्या घड्याळात पाचला पाच कमी होते. सईने हळूच सांगितलं, दुरुस्ती मागितली तर पान नवं, शिक्के नवे, सोमवार. शिवाय खऱ्या अन्नाला कलाकृती म्हणून नमस्कार केला, हे सगळ्या कचेरीसमोर त्यांना सांगावं लागेल. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसाला.

बोलायचा हक्क माझा नव्हताच. आयुष्यभर थापा मारणाऱ्याने एवढं तरी ओळखावं. ज्या बाईने मला दोन दिवस झुरवून एक खरं वाक्य लिहायला लावलं, तिच्या कराराच्या शेवटच्या ओळीत धडधडीत खोटं लिहिलं होतं. तिने नुसतं "हे चूक आहे" म्हटलं असतं, तर मी डोसा उचलून घरी गेलो असतो आणि जन्मभर तिच्या शेजारी बसून वरणभात जेवलो असतो.

वीणाबाईंनी चष्मा काढला. पुसला. घातला. ओळ पुन्हा वाचली. चार मिनिटं उरली. मग तीन.

"अहो," त्या म्हणाल्या.

मी मागे वळून बघितलं, की कुणाला हाक मारताहेत. पाच वर्षं मी लक्ष्मीकांतराव होतो.

"अहो, तुमचा शिक्का कुठाय? मारा की. बरोबर लिहिलंय त्यांनी."

रविवारी लग्न झालं. ओकुबो-साननी वड्यांची तोरणं केली.

पोळी फ्रीझरमध्ये आहे. यादीतली वस्तू आहे त्या स्थितीत जपायची, असं कलमच आहे. मिझुनो-सान निवृत्त झाल्यावर एकदा घरी आले. ते काही बोलायच्या आत वीणाने ती काढून त्यांना दाखवली. त्यांनी पोळीवर जमलेलं बर्फ पाहिलं, वीणाकडे पाहिलं, आणि म्हणाले, फार नाजूक काम आहे, थंडच ठेवा. त्यांना कळलं की नाही ते मला कळलेलं नाही.

ही गोष्ट लग्नानंतर लिहिलेली, म्हणजे निम्मी तिची. छापायला देण्याआधी मी कागद तिच्यापुढे ठेवले आणि पेन्सिल घेऊन बसलो, आता काय काय निम्मं होतंय ते बघायला. तिने कावळ्यांचा महिना आठवड्यावर आणला. बाकी सगळं वाचून झाल्यावर ती परत कचेरीच्या पानावर गेली, मिझुनो-सान पोळीला वाकून नमस्कार करतात तिथे थांबली, आणि इथल्या पद्धतीप्रमाणे समासात आपला शिक्का मारून लिहिलं:

'एक शब्द वाढवला: दोनदा.'